तंबाखू 'सेवन' की 'वापर'? आणि मॉनिटरिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (वाई): तंबाखूविषयीच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करतोय. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये 'एमपॉवर' हे तंबाखूला आळा घालायचे सहा उपाय मांडले, त्यातला पहिलाच 'मॉनिटर'. त्याला देखरेख म्हणू, संनियंत्रण की पाळत? आणि 'टोबॅको यूज'ला 'तंबाखूसेवन' चालेल ना?

उत्तर (सातारा): पाळत नकोच, ती चोरावर ठेवतात. देखरेख मजुरांवर. संनियंत्रण सरकारी कागदावर रुळलंय, पण इथे कुणाचं नियंत्रण करायचंच नाही. घरोघर जाऊन, दर वेळी त्याच पद्धतीने विचारून, कोण काय किती वापरतं हे टिपायचं. मी 'मागोवा' लिहीन.

उत्तर (पाटण): मागोवा पटला. 'सेवन' मात्र घालू नका, कळकळीने सांगते. मी आशा सेविका म्हणून गावात फिरते. एका आजींना विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?" "न्हाय गं बाई, माळकरी हाय मी." शेजारीच डबी, डाव्या हाताचं बोट काळं. मग विचारलं, "मिशरी लावता?" "ती लावती की! त्याबिगर सकाळी पोट साफ हुईत न्हाय." तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच ती, पण आजींच्या लेखी ते दात घासणं. मिशरी खात नाहीत, सेवनही करत नाहीत, लावतात. चुकीचं क्रियापद घातलं की आजी आकड्यातून गळाल्या.

उत्तर (सातारा): आणि त्या आकड्यावर तर सगळं उभं आहे. 'गॅट्स' या जागतिक सर्वेक्षणात भारतात १५ वर्षांवरच्यांमध्ये तंबाखू वापरणारे २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २८.६. त्याच दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची वापरणारे २४.४! आपल्याकडचा खरा प्रश्न डबीत आणि पुडीत आहे. मिशरीवाल्या बायका सुटल्या तर आकडा उगाच उतरलेला दिसेल आणि समुपदेशन त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. 'वापर' लिहा, खाली मिशरी, मळलेली तंबाखू, गुटखा, तंबाखूचं पान अशी नावं घेऊन विचारा.

उत्तर (सांगली): एक राहिलं. तपकीरही आपण 'ओढतो'. नुसतं "ओढता का?" विचारलंत तर तपकीरवाले आजोबा "हो" म्हणतील आणि बिडीवाल्यांत मोजले जातील.

प्रश्नकर्ता: हे सुचलंच नव्हतं. मग "पेटवून ओढता का?" असं करतो, तपकिरीचा प्रश्न वेगळा. मिशरीला "लावता का?"