पैसे मोजके असतील तर आधी माऊस की आधी कीबोर्ड? माझं मत माऊसला

मंदसेन्स:
गेमिंगसाठी दोन्ही घ्यायचे आहेत आणि हात आखडता आहे, तर मोठा वाटा माऊसला द्यावा. शूटर खेळात नेम माऊसने लागतो. कीबोर्डवर लागतात ती सात-आठ बटणं कुठल्याही बऱ्या स्विचवर (बटणाखालच्या दाब नोंदवणाऱ्या भागावर) चालतात.

माऊस बघताना खोक्यावरचा डीपीआयचा (माऊस एक इंच सरकला की सेन्सर किती मोजण्या करतो त्याचा) आकडा सोडून द्या. २६,००० डीपीआयवर कोणी खेळत नाही, ४०० ते १६०० मध्ये सगळं भागतं. पिक्सआर्ट कंपनीचा जुना ३३६० सेन्सरही (माऊसची हालचाल टिपणारा भाग) सेकंदाला २५० इंच, म्हणजे सहा मीटरच्या वरचा वेग पकडतो. सेन्सरचा प्रश्न कधीच मिटला आहे. चुका होतात त्या आकार आणि वजनात. पूर्ण पंजा टेकवून धरत असाल तर लांब आणि मागे फुगीर माऊस हवा. फक्त बोटांच्या टोकांनी धरत असाल तर आखूड आणि चपटा. उलटं घेतलंत तर माऊस आवळून धरावा लागतो, आणि आवळलेल्या हाताने बारीक नेम साधत नाही.

वजनाचं गणित असं. सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २ हा शूटर खेळ) मध्ये ८०० डीपीआय आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी (माऊसच्या हालचालीला नजर किती वळते ते) १ ठेवली तर एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस सुमारे ५२ सेंमी सरकवावा लागतो. म्हणजे सतत उचला, मागे आणा, ठेवा. तिथे ६० ग्रॅम आणि १०० ग्रॅम यांत मोठा फरक आहे. शिवाय उचलल्यावर कर्सर सरकत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट-ऑफचं अंतर (किती उचलल्यावर सेन्सर मोजणं थांबवतो ते) १ मिमीवर आणा.

टपटप:
असहमत. "कुठल्याही बऱ्या स्विचवर चालतात" हे हॉल इफेक्ट (चुंबकाने दाब मोजणारे) कीबोर्ड येण्याआधी ठीक होतं.

सीएस२ किंवा व्हॅलोरंटसारख्या शूटर खेळात चालता चालता झाडलेली गोळी भरकटते. म्हणून डावीकडे जाताना ए (डावीकडचं बटण) सोडायचं, क्षणभर डी (उजवीकडचं) दाबायचं, थांबायचं आणि मग गोळी. हे थांबणं कीबोर्डचं काम आहे, माऊसचं नाही. साध्या लाल स्विचचा प्रवास ४ मिमी, आणि तो लागतो, म्हणजे दाब नोंदला जातो, २ मिमीला. तळापर्यंत दाबलेलं बटण साधारण त्या २ मिमीच्या रेषेपर्यंत वर येईस्तोवर संगणकाला ते दाबलेलंच दिसतं. हॉल इफेक्टमध्ये दांड्यात चुंबक असतो आणि खालचा सेन्सर बटण किती खोल आहे ते सतत मोजत राहतो. त्यामुळे रॅपिड ट्रिगर शक्य होतं: बोट ०.२ मिमी जरी वर आलं तरी बटण सुटलं. नेम कितीही चांगला असो, पाय थांबले नाहीत तर गोळी लागत नाही.

मंदसेन्स:
रॅपिड ट्रिगरचा फायदा मान्य. पण तो मिळतो कोणाला? ज्याला थांबायची वेळ आधीच साधते त्याला. नवखा माणूस सगळं ०.१ मिमीवर ठेवतो, मग बोट नुसतं टेकलं तरी खेळाडू चालायला लागतो आणि पावलांचा आवाज शत्रूला ऐकू जातो. आणि त्याच कीबोर्डांत येणारी दुसरी सोय, दोन विरुद्ध बटणांपैकी शेवटचं आपोआप धरणारी, ती सीएस२ बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून सीएस२ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली. चालू राहिली तर सामन्यातून बाहेर काढतात.

टपटप:
०.१ ठेवायला कोणी सांगितलं? चालण्याच्या चार बटणांना दाबाची खोली १ ते १.२ मिमी, रॅपिड ट्रिगर ०.२ ते ०.३. बाकी बटणं २ मिमीवर, म्हणजे टाइप करताना चुकीची अक्षरं उमटत नाहीत. आधी कॅलिब्रेशन: प्रत्येक बटण तळापर्यंत दाबून सोडायचं. स्विच बदलला की पुन्हा करायचं. एवढं केलं तर नवख्यालाही त्रास नाही. शेवटचं बटण धरणारी सोय बंद ठेवायची हे बरोबर. रॅपिड ट्रिगरवर मात्र ती बंदी नाही.

सोल्डर:
दोघंही वेगाबद्दल बोलताय, टिकण्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते निवड तिथून व्हावी.

माऊसमध्ये सगळ्यात आधी जातो डाव्या क्लिकचा स्विच. आतली धातूची पातळ पट्टी झिजते, संपर्कबिंदूवर थर धरतो, आणि एका दाबाला दोन क्लिक पडतात. ओळखायची खूण: फाईल ओढून नेताना मध्येच सुटते. सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सचा वेळ (एका क्लिकनंतर लगेचची दुसरी न मोजण्याचा) वाढवला की दोष झाकला जातो, पण झीज थांबत नाही. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशकिरण अडतो किंवा सुटतो, धातूचा संपर्कच नाही, म्हणून हा रोग नाही. माऊस घेताना मी सेन्सरआधी हे बघायला सांगेन.

कीबोर्डमध्ये हॉट-स्वॅप (स्विच बदलता येण्याची सोय) हवाच. एक स्विच गेला तर तो उपटून दुसरा बसवता येतो, डागकाम नाही. बसवताना पिना सरळ आहेत का ते बघा आणि खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या. वाकलेली पिन आत दुमडते आणि बटण मुकं होतं. पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या बोर्डावर घालायचा तर प्लास्टिकच्या दोन जादा पिना कापाव्या लागतात. टपटप, तुमच्या हॉल इफेक्टची अडचण इथेच आहे. त्यात साधे स्विच चालत नाहीत, आणि दुसऱ्या जातीचे चुंबकी स्विचही चालतीलच असं नाही, कारण चुंबकाची ताकद आणि दिशा वेगळी असते.

निळे स्विच (दाबताना टक् वाजणारे) खेळायला घेऊ नका. आवाज राहू द्या, खरी अडचण अशी की ते जिथे लागतात त्याच्या बरेच वर येऊन सुटतात, त्यामुळे तेच बटण पटापट दोनदा दाबताना दुसरा दाब हुकतो.

टपटप:
धातूचा संपर्क नको म्हणून ऑप्टिकल माऊस घ्या म्हणता, मग हॉल इफेक्टमध्ये तरी धातूचा संपर्क कुठे आहे? तुमच्याच निकषावर तो टिकतो. स्विच बदलायची वेळच कमी येते.

सोल्डर:
संपर्काबद्दल मान्य. दांडा घासतो, स्प्रिंग कुरकुरते, ते मात्र दोन्हीकडे सारखंच.

डावखुरा:
माऊस सेकंदाला किती वेळा संगणकाला माहिती पाठवतो, त्या ८००० हर्ट्झवर कोणीच बोललं नाही. १००० हर्ट्झला दर १ मिलिसेकंदाला माहिती जाते, ८००० ला ०.१२५. पण ४०० डीपीआयवर हात सेकंदाला ५ इंच सरकला तर सेन्सरच्या मोजण्या होतात २०००. मग ८००० वेळा पाठवायला आहे काय? हे हवं असेल तर डीपीआय १६०० करा आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी चौथाई करा. प्रोसेसर जुना असेल तर १००० वरच राहा, नाहीतर फ्रेम अडखळतात.

वायरलेसला माझी हरकत नाही, पण ब्लूटूथवर खेळू नका, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) लावा. तो संगणकाच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टजवळ खुपसला तर त्या पोर्टचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो आणि कर्सर झटके खातो. एक्स्टेन्शन केबलने तो माऊसपासून वीतभर अंतरावर आणा.

आणि मंदसेन्स, तुमचेच ५२ सेंमी घ्या. बटणांमधलं अंतर १९.०५ मिमी, म्हणजे १०४ बटणांचा कीबोर्ड साधारण ४४ सेंमी रुंद, नंबरपॅड नसलेला ३६, साठ टक्केवाला (बाणांची बटणंही नसलेला) ३० च्या आत. मोठा कीबोर्ड ठेवून हलका माऊस घेतलात तर तो नंबरपॅडवर आदळणार. टेबलावर त्या मापाचे पुठ्ठे ठेवून हात फिरवून बघा, मग आधी काय घ्यायचं ते ठरवा.

मंदसेन्स:
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तरी पहिली खरेदी माऊसच म्हणेन: जुना कीबोर्ड तिरका करून, नंबरपॅडची बाजू वर ढकलून जागा काढता येते. न मावणाऱ्या आकाराचा माऊस कसाही फिरवला तरी हातात बसत नाही.