मदत हवी आहे: आईच्या गुडघेदुखीसाठी डोक्याला सौम्य करंट आणि व्यायाम, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची. लालबागला चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. डाव्या गुडघ्याची झीज झालीय, एक्स-रेवर ग्रेड ३, म्हणजे मध्यम. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायची घाई नको, वजन उतरवा आणि मांडीचे स्नायू बळकट करा.

गाडं अडतंय ते व्यायामाशीच. आई मनापासून सुरू करते, पण गुडघा ठणकायला लागला की घाबरून सोडते. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरते, तिरकी वळते आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. मंडईत जाणं बंद झालंय. मला हे बघवत नाही.

आता दादरच्या एका क्लिनिकने टीडीसीएस सुचवलंय. डोक्यावर ओले स्पंज लावून अगदी कमी करंट सोडायचा आणि लगेच व्यायाम घ्यायचा. पॅकेज आमच्या खिशाला जड आहे. आई म्हणते, "दुखतोय गुडघा, मग डोक्याला शॉक कशाला रे?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

वाचताना २०१७ची ऑस्ट्रेलियातली एक चाचणी सापडली. ३० रुग्ण, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे; आधी २० मिनिटं करंट, मग मांडीचे व्यायाम. निकाल आशादायक, पण चाचणी प्राथमिकच. एवढ्यावर पैसे घालावेत का? आईला बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

– लालबागकर

प्रतिसाद: गिरणगाव फिजिओ

लालबागकर, आधी आईंची भीती घालवा. मानसोपचारातल्या शॉकमध्ये शेकडो मिलिअँपिअर करंट असतो, यात १ ते २. स्पंजखाली मुंग्या येतात, खाज सुटते, थोडी लाली येते, बस्स.

डोक्याला कशासाठी, तर दुखणं वर्षानुवर्षं राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणाच हळवी होते. म्हणून तर सारख्याच एक्स-रेचे दोन पेशंट, एक चालतो आणि दुसरा कण्हतो. हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागाला चालना दिली की वेदना थोडी दबते आणि त्या अवधीत व्यायाम सोसतो, अशी यामागची कल्पना. डाव्या गुडघ्यासाठी एक स्पंज डोक्याच्या उजव्या बाजूला आणि दुसरा डाव्या भुवईच्या वर, अशी नेहमीची मांडणी.

पण नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. शिवाय चाचण्यांत तुलनेसाठी एका गटाला खोटा करंट देतात: सुरुवातीला काही सेकंद मुंग्या, मग मशीन बंद. त्या गटातल्यांनाही बरं वाटतं. गुडघ्यासाठी भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा आणि वजन कमी करण्याचा. म्हणून माझं स्पष्ट मत, व्यायाम नियमित होत नसेल तर नुसत्या करंटला एक रुपयाही देऊ नका.

आईंनी व्यायाम सोडायचा नाही, कमी करायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, ५ आकडे मोजून सोडायचा, असं १० वेळा. मग उंच खुर्चीतून हात न टेकता उठबस, जमेल तेवढी. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं तर तेवढाच व्यायाम चालू ठेवा. वाढलेलंच राहिलं तर संख्या निम्मी करा. हे पेशंटला कुणी सांगत नाही आणि मग दुखलं की बिघडलं असं त्यांना वाटतं.

पेसमेकर, डोक्यात धातूचं काही किंवा फिट्स येत असतील तर करंट नको. ऑनलाइन मिळणारं मशीन घरी आणून तर अजिबात नको. पॅकेज घेण्याआधी केईएमच्या फिजिओथेरपी विभागात केस पेपर काढून दाखवा, तुम्हाला जवळ आहे.

लालबागकर:

मनापासून आभार. सकाळपर्यंत थांबून बघायचं, हे आईला वाचून दाखवलं. "मग एवढं दुखणं चालतं होय?" म्हणाली आणि टॉवेल मागितला. पॅकेज सध्या थांबवतो, सोमवारी केईएमला जातोय. आईच्या वयाच्या कुणी हा करंट प्रत्यक्ष घेतला असेल, तर जिना चढण्या-उतरण्यात काय फरक पडला आणि तो किती टिकला, तेवढं कृपया लिहा.