अनुभव धागा: वरून सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत

मंडळी, ज्याच्या हातात अधिकार आहे त्याचं तुम्ही मुद्दाम, समजून उमजून ऐकलं नाहीत असा प्रसंग लिहा. सिग्नल तोडला वगैरे नको, ती बेफिकिरी झाली. तोंडावर सांगून, परिणाम माहीत असून केलेलं हवंय. १९३० ला मीठ उचलायला गेलेले लोक अटक व्हायच्या तयारीने गेले होते, लपूनछपून नाही, मला फरक तिथेच दिसतो. आणि नंतर काय झालं तेही लिहा, ते कुणी सांगतच नाही.

कोपरखैरणे
मी सोसायटीची खजिनदार होते. ड्रेनेजचं चेंबर तुंबलं, तळमजल्यावरच्यांच्या बाथरूममधून पाणी उलटं यायला लागलं, त्यांचा राग खराच होता. सेक्रेटरी म्हणाले चेंबर उपसायची सक्शनची गाडी यायला वेळ लागेल, ठेकेदाराचा माणूस उतरवू, तुम्ही चेकवर सही करा. मी म्हटलं नाही करणार. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस असा आत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तर म्हणे वास तर काहीच येत नाहीये. अहो गटारातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की नाकाला वास कळायचाच बंद होतो! सगळ्यात अवघड काय होतं तर तो माणूसच म्हणाला, ताई उतरतो मी, मजुरी बुडेल. त्याची मजुरी दिली आणि गाडीची वाट बघितली, दोन घरं तेवढे दिवस नातेवाइकांकडे राहिली. पुढच्या निवडणुकीत मला कुणी उभं राहा म्हटलं नाही. ठीक आहे.

उरणकर
आमचं गाव जासईच्या बाजूला. नवी मुंबईसाठी जमिनी घेताना मोजणी करायला आले तेव्हा आजी बांधावर जाऊन बसली, "आमची जमीन हाय, तुमी कोन मोजनारे?" १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची योजना त्या रक्तातून आली, आज तिथे टॉवर बघायला येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. चिरनेरचा जंगल सत्याग्रह, २५ सप्टेंबर १९३०, तोही आमच्याच तालुक्यातला, तिथेही गोळ्याच.

ठाणे, नर्स
रात्रपाळीत औषध उशिरा दिलं गेलं, सीनियरने सांगितलं चार्टवर ठरलेली वेळ टाक. मी दिलं ती खरी वेळ टाकली आणि सही केली. वॉर्ड बदलला माझा. पण बरोबरची ज्युनियर त्यानंतर खरीच वेळ लिहायला लागली.

धागाकर्ता
सिस्टर, तुमच्या ज्युनियरचं वाचून मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आठवला. येल विद्यापीठ, १९६१. साहेब सांगतोय म्हणून ४० पैकी २६ जण समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंत झटके देत गेले (झटके खोटे होते, त्यांना माहीत नव्हतं). त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या प्रकारात शेजारी बसलेल्या दोघांनी आधी नकार दिला, तर शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४.

ऐरोली
सगळं पटतंय पण कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचं पण ऐका. एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होतो, माल वेळेत जायचा म्हणून सुपरवायझर म्हणाला मशीनचं बोटं वाचवणारं गार्ड काढून चालव. मी म्हटलं लिहून द्या, सही करा, मग चालवतो. दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं, हजेरीत नावच नाही. घरी हप्ते चालू, आई चिडली, बायको म्हणाली बोटं दहा आहेत ना, मिळेल काम. मिळालं, पगार कमी आहे. परवा जुन्या लाइनवरच्या एकाचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलंय, विचारत होता लिहून मागताना नेमकं काय बोललास.