आरए आहे, डॉक्टर म्हणाले ऑक्युपेशनल थेरपी घ्या. घरकामात खरंच फरक पडतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी. मला रुमॅटॉइड आर्थरायटिस (आरए, सांध्यांना सूज आणणारा आजार) आहे, गोळ्या चालू आहेत, रिपोर्टही आधीपेक्षा बरे आलेत, पण रिपोर्ट बरे म्हणजे हात बरे असं काही नाहीये. सकाळी उठल्यावर तासभर तरी बोटं वळत नाहीत आणि नेमकी तीच डब्यांची वेळ. कुकरचं झाकण, दुधाचं पातेलं सांडशीने उतरवणं, फडका पिळणं, ब्लाऊजचे हुक... शाळेत शिकवते त्यामुळे वह्या तपासणं आलंच, गठ्ठा अर्धा होईपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. फिजिओ करून झालंय, मग हे ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, वेगळं काय असतं? सासूबाई म्हणाल्या, आता हात कसे वापरायचे तेही पैसे देऊन शिकायचं का. हसू आलं, पण खरं सांगू का, प्रश्न माझाही तोच आहे.

बोरिवली_फास्ट
ताई, वेगळं असतं. मला बरीच वर्षं आरए आहे. ओटीच्या मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता तेच विचारत बसल्या, मला वाटलं टाइमपास चाललाय. मग समोर बरणी ठेवली आणि म्हणाल्या उघडा. मी बोटांनी आवळून फिरवायला लागले तर थांबवलं. उघडताना उजवा तळवा झाकणावर दाबून हात खांद्यापासून फिरवायचा, बंद करताना मात्र डावा तळवा. कारण आरएमध्ये बोटं हळूहळू करंगळीकडे झुकायला लागतात, म्हणून त्या दिशेला ढकलणारा जोर टाळायचा. फडका नळाला अडकवून दोन्ही टोकं धरून पीळ द्यायचा. भाजीची पिशवी बोटांत नाही, कोपराजवळ अडकवायची. सांडशी तर मी काढूनच टाकली, दोन कानांची पातेली घेतली आणि जाड कापडाने दोन्ही हातांनी उचलते. झाऱ्या-कालथ्याच्या दांड्यांवर एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम चढवलाय, हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. दिसायला भयंकर आहे, पण पकड जाड झाली की मूठ आवळावी लागत नाही.

घाटमाथा
मला हे काही पटत नाही. हात वापरले नाहीत तर आखडणारच. माझी आत्या शेवटपर्यंत विळीवर नारळ खवत होती. तेल चोळा आणि कामं चालू ठेवा.

ओटी_विदर्भ
मी स्वतः ओटी थेरपिस्ट आहे म्हणून लिहिते. दादा, हात वापरू नका असं आम्ही कुणालाच सांगत नाही. तुमच्या आत्याला कदाचित वयाचा संधिवात असेल, आरए वेगळा, त्यात सांध्याच्या अस्तरालाच सूज येते. सांधा गरम आणि सुजलेला असताना त्यावर जोर लावला किंवा जोरात चोळलं तर उलट त्रास वाढतो.
ताई, एक खूण लक्षात ठेवा. काम झाल्यावर दुखणं दोन तासांनंतरही टिकलं, तर काम जास्त झालं किंवा पद्धत चुकली. आणि बरं वाटतंय म्हणून एका रविवारी सगळे डबे घासून काढायचे नि मग तीन दिवस झोपून राहायचं, हे तर जवळजवळ प्रत्येक पेशंट करतो. काम तोडून करा, ठणका लागायच्या आधीच थांबा. वह्या एका बैठकीत संपवू नका, जाड ग्रिपचं पेन घ्या, हलक्या हाताने चालणारं जेल पेन बरं पडतं.
गरज वाटली तर रात्रीसाठी स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा प्लॅस्टिकचा साचा, देतील. ते प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करून तुमच्याच हातावर आकार देतात. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आकार बिघडतो. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर परत दाखवा, सहन करत बसू नका.
सासूबाईंना सांगा, हे नवीन फॅड नाही. कमला निंबकरांनी मुंबईत केईएमला ओटीचं शिक्षण १९५० मध्ये सुरू केलं. आज केईएम, नायर, सायन, हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था, नागपूरचं मेडिकल, सगळीकडे ओटी विभाग आहेत, खाजगीतच जायला हवं असं नाही.

रानजाई
बापरे, रविवारचं वाचून वाटलं तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय. पोळ्यांचं काय करू पण? त्या सुटत नाहीत.

ओटी_विदर्भ
कणीक फूड प्रोसेसरमध्ये, तीही आदल्या संध्याकाळी, सकाळच्या आखडलेल्या हातांनी नको. लाटताना उंच स्टूलवर बसा, लाटण्याच्या मुठी आवळू नका, बोटं सरळ ठेवून तळव्याने फिरवा. आणि सूज असेल त्या दिवशी पोळ्या सरळ विकत आणा.

डबेवाला_नवरा
बायकोला आरए आहे. आमच्या ओटीने मलाही आत बोलावलं होतं आणि ते सगळ्यात कामाला आलं. आरएत एक दिवस हात चालतात, दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलत नाही, त्यामुळे 'काल तर केलंस की' हे वाक्य घरात बंद. सकाळचे डबे आता मी भरतो, भाजी जरा जळते अधूनमधून. जमलं तर सासूबाईंनाच घेऊन जा सोबत.

रानजाई
येतील की नाही देव जाणे, विचारते. बुधवारची वेळ घेतलीये. जाताना फाइल सोडून काय न्यायचं?

ओटी_विदर्भ
जे उघडत नाही ते. कुकर झाकणासकट न्या, हुकांचा एक ब्लाऊज न्या, चार वह्या आणि तुमचं पेनही. लाजू नका, आमच्याकडे एक आजोबा विहिरीचा दोर घेऊन आले होते.