रॅव्ह-फोर प्राइम: थंडीत बॅटरीवर किती चालते?

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. आमची जुनी कॅमरी आता थकली. बायकोला पूर्ण इलेक्ट्रिक नको, लांबच्या प्रवासात चार्जर शोधत बसायची तिची तयारी नाही. म्हणून टोयोटाची २०२३ ची वापरलेली रॅव्ह-फोर प्राइम बघतोय, ती प्लगवर चार्ज होते आणि गॅसवरही (पेट्रोलवर) चालते. ऑफिस जाऊन-येऊन ३५ मैल. गॅरेजात साधा प्लग आहे. कोणी नुकतीच घेतली असेल तर सांगा, हिवाळ्यात बॅटरीवर किती जाते? पैसे वाचतात का?

कोथरूडची_लेक:
आम्ही ऑक्टोबरात घेतली, २०२३ चीच, एसई मॉडेल. पहिला न्यू जर्सीचा हिवाळा तिने आत्ताच काढला.

अधिकृत आकडा ४२ मैल. ऑक्टोबरात रूट वनने प्रिन्स्टनला जाऊन घरी आले तरी थोडी बॅटरी उरायची. जानेवारीत तिशी गाठतानाही मारामार. कमी विजेत गाडी गरम करणारा हीट पंप आहे, पण गाडी गरम ठेवायला वीज लागतेच. शिवाय पारा साधारण १४ फॅरनहाइटच्या खाली गेला की हीटर लावताच इंजिन सुरू होतं, बॅटरी भरलेली असली तरी. पुढच्या काचेचा डिफ्रॉस्टर दाबला तरी तेच. त्यामुळे मी केबल काढायच्या आधीच गाडी गरम करून घेते, मग वाटेत सीट हीटरवर भागतं.

पैशांचं स्पष्ट सांगते. १०० मैलांना ही ३६ युनिट खाते, म्हणजे ४२ मैलांना १५. जून २०२५ मध्ये आपल्याकडे विजेचे दर चढले. माझ्या बिलात सगळे आकार धरून युनिट २० सेंटच्या वर पडतं, म्हणजे तीन डॉलर गेलेच. साधी, प्लग नसलेली रॅव्ह-फोर हायब्रिड गॅलनला ४० मैल देते. गॅस तीन डॉलरच्या आसपास असेल तर हिशेब जवळजवळ सारखाच! फक्त बचतीसाठी घेणार असाल तर साधी हायब्रिड घ्या.

मला ही मनापासून आवडते ती चालवायला. ३०२ हॉर्सपॉवर आहे, टर्नपाइक हायवेवर शिरताना मागच्या ट्रकची धास्ती उरलेली नाही. ताशी ८४ मैलांच्या वेगापर्यंत बॅटरीवरच पळते, त्यामुळे हायवेवरही इंजिन गप्प. पहाटेच्या शिफ्टला निघताना शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, याचं मला फार समाधान आहे.

साध्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला १२ तास लागतात. संध्याकाळी लावली की सकाळी तयार. वाटेतल्या झटपट चार्जरची (डीसी फास्ट चार्जिंगची) सोय नाहीच, म्हणून नायगाऱ्याला जाताना चार्जरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एचव्ही (हायब्रिड मोडचं) बटण दाबून बॅटरी राखली आणि गावात शिरल्यावर वापरली. वहिनींना हे आवडेल.

परसिपनीवाला:
ताईंशी सहमत. माझी भर एवढीच, की घरी प्लग नसेल तर ही गाडी घेऊच नका. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकाने घेतलीय, चार्जिंगची सोय नाही. बॅटरीचं वजन वागवत नुसती गॅसवर फिरवतोय, वाईट वाटतं बघून. आणि दादा, वापरलेली आहे म्हणून बॅटरीला घाबरू नका. टोयोटाची तिच्यावर १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी आहे, आधी येईल ते.

एडिसनकर:
दोघांचेही आभार. वॉरंटीचं बायकोला लगेच वाचून दाखवलं. प्लग गॅरेजच्या आतल्या टोकाला, डाव्या भिंतीवर आहे. केबल पुरेल का?

कोथरूडची_लेक:
चार्जिंगचं झाकण मागे उजवीकडे आहे. गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या, झाकण बरोबर त्याच भिंतीकडे येईल. एक्स्टेंशन कॉर्ड अजिबात लावू नका. त्या सर्किटवर फ्रीझर असेल तर तोही दुसरीकडे हलवा, नाहीतर रात्री ब्रेकर पडेल आणि सकाळी गाडी रिकामीच असेल.