‘बिल्ड’, ‘कन्स्ट्रक्ट’, ‘फॅब्रिकेट’, ‘इरेक्ट’: फरक खरा की नुसता शब्दांचा खेळ?

लोहकाम (धागालेखक)
निविदा, मेथड स्टेटमेंट (काम कसं करणार ते सांगणारा कागद), कामाची व्याप्ती असं काही इंग्रजीत लिहायचं झालं की बरेच जण सगळीकडे ‘बिल्ड’ नाहीतर ‘कन्स्ट्रक्ट’ ठोकून मोकळे होतात. माझ्या मते याचा फटका भाषेला कमी आणि बिलाला जास्त बसतो.

पोलादी सांगाडा घ्या. फॅब्रिकेशन म्हणजे वर्कशॉपमधलं काम: प्लेट कापणं, भोकं पाडणं, फिट-अप (भाग जुळवणं), टॅक (तात्पुरते वेल्डचे टाके), पूर्ण वेल्डिंग, ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्यानं पृष्ठभाग साफ करणं), प्रायमर. इरेक्शन म्हणजे साइटवरचं: क्रेननं उचलणं, तात्पुरते बोल्ट, ओळंबा-लेव्हल, बोल्ट अखेरचे आवळणं, बेसप्लेटखाली ग्राउट (पोकळीत ओतायचं पातळ मिश्रण).

एम२० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टला साधारणपणे २२ मिमीचं भोक असतं, म्हणजे वाव फक्त २ मिमी. तुळई चढवताना भोकं ४ मिमीनं चुकली, तर दोष कुणाचा? भोक चुकीच्या जागी पाडलं असेल तर फॅब्रिकेटरचा. खांब ओळंब्यात नसेल तर इरेक्टरचा (एआयएससी या अमेरिकी पोलादी बांधकाम संस्थेच्या १/५०० या मर्यादेनं ६ मीटरच्या खांबाला १२ मिमीपर्यंत चालतं). फाउंडेशन बोल्टच सरकले असतील तर काँक्रीट ओतणाऱ्याचा. ‘द कॉन्ट्रॅक्टर शॅल बिल्ड द फ्रेम’ या ओळीत तिघेही लपतात. मग कुणीतरी गॅस कटर काढून भोक मोठं करतो, कड ओबडधोबड होते, वॉशर नीट टेकत नाही आणि बोल्टमधल्या ताणाचा भरवसा राहत नाही.

शब्दछल
असहमत. तुमच्या उदाहरणात क्रियापद नव्हे, व्याप्ती अर्धवट आहे. ‘फॅब्रिकेट अँड इरेक्ट’ लिहा, तरी बोल्ट कोण पुरवणार, वाहतुकीत खरवडलेल्या रंगाचा टच-अप कुणाचा, ग्राउट कुणाचं, यातलं काहीही कळत नाही. ते व्याख्येच्या कलमातच लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की वर ‘बिल्ड’ असो की आणखी काही, फरक शून्य.

पुरावाच हवा तर, ‘बांधायला सोपा आराखडा’ या एकाच कल्पनेला ब्रिटनमध्ये ‘बिल्डेबिलिटी’ म्हणतात, अमेरिकेत ‘कन्स्ट्रक्टेबिलिटी’. एक शब्द जुन्या इंग्रजीतला, दुसरा लॅटिनमधून आलेला. एक घरगुती, एक कचेरीतला. बाकी काय?

कंपासपेटी
‘बाकी काय?’ म्हणता? भूमितीच्या पुस्तकात ‘कन्स्ट्रक्ट अ ट्रँगल’ असतं, कारण पट्टी-कंपासनं दिलेल्या मापांवरून, ठरलेल्या पायऱ्यांनी तो काढायचा असतो. काड्या जोडून त्रिकोण केला तर ‘बिल्ड’. ‘बिल्ड ट्रस्ट’ चालतं, ‘कन्स्ट्रक्ट ट्रस्ट’ कानाला खटकतं. ‘प्रेशर इज बिल्डिंग’ कर्माशिवाय होतं, ‘कन्स्ट्रक्ट’ला कर्म लागतंच. एकात हळूहळू साचत जाणं आहे, दुसऱ्यात आधी आखून मग करणं. हा फरक कचेरीचा नाही.

आणि ‘फॅब्रिकेट’ जपून वापरा. ‘फॅब्रिकेटेड सॅम्पल’ म्हणजे वर्कशॉपमध्ये तयार केलेला नमुना, पण ‘फॅब्रिकेटेड डेटा’ म्हणजे सरळसरळ बनावट आकडे. चाचणी अहवालात हे दोन शब्द शेजारी आले तर वाचणारा नमुन्याकडे बघणारच नाही.

शब्दछल
‘बिल्ड अ केस’ आणि ‘कन्स्ट्रक्ट अ केस’ दोन्ही चालतात की! सवयीच्या जोड्या आहेत या, नियम नव्हेत.

ओळंबा
मला विरुद्धार्थी शब्दांची कसोटी बरी वाटते. असेम्बल–डिसअसेम्बल: सुटे भाग जसेच्या तसे परत मिळतात. इरेक्ट–डिसमँटल: परांची उभारतात आणि उतरवतात, ती ‘डिमॉलिश’ करत नाही कुणी. बिल्ड–डिमॉलिश: विटांची भिंत पाडली की मलबाच हाती येतो. फॅब्रिकेटला चपखल उलटा शब्दच नाही, वेल्ड केलेला गर्डर कापावाच लागतो.

शब्दछल
कसोटी छान, पण गळकी. साहित्य पुन्हा वापरता यावं म्हणून इमारत जपून उतरवतात त्याला हल्ली ‘डीकन्स्ट्रक्शन’ म्हणतात. चुन्यातल्या विटा तर सुट्या होऊन परत वापरताही येतात. मग ती इमारत ‘बिल्ड’ केली होती की ‘असेम्बल’?

ओळंबा
चुन्याचा मुद्दा मान्य. सिमेंटच्या दरजांत (विटांमधल्या सांध्यांत) मात्र वीट आधी फुटते, दरज सुटत नाही.

लिंकर
अवांतर: सॉफ्टवेअरमध्ये हा घोळ रोजचा. ‘कंपाइल’ म्हणजे एका सोर्स फाइलची ऑब्जेक्ट फाइल करणं. ‘बिल्ड’मध्ये कंपाइल, लिंक (त्या फाइली आणि लायब्ररी एकत्र जोडणं) आणि बहुधा टेस्ट, पॅकेजसुद्धा. सगळ्या फाइली निमूट कंपाइल होतात आणि लिंकिंगला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो, तेव्हा कोड नाही, बिल्ड पडलेला असतो. ‘कंपाइल होत नाही’ अशी तक्रार लिहिली की समोरचा सिंटॅक्स शोधत बसतो, आणि राहिलेली असते एखादी लायब्ररी.

लोहकाम
शब्दछल, व्याख्या हवीच, ते नाकारत नाही. पण व्याख्या वाचतो कोण? साइटवर सगळे बिलाच्या परिमाणपत्रकातली एक ओळ वाचतात. पंपाची ओळ बघा: ‘सप्लाय, इन्स्टॉल, टेस्ट अँड कमिशन’ (कमिशन म्हणजे चालवून बघून वापरासाठी सुरू करणं). शेवटचे दोन शब्द गाळा. पंप पायावर बसेल, बोल्ट आवळले जातील, केबल जोडली जाईल आणि ‘इन्स्टॉल’ संपलं म्हणून बिल लागेल. मोटार उलट्या दिशेनं फिरते का, हे बघणं त्या ओळीनुसार कुणाचंच काम नाही.

शब्दछल
पंपाचं पटलं, कारण तिथे प्रत्येक शब्दाला वेगळं काम आहे. पण ‘इन्स्टॉल’ची हद्द तरी कुठे ठरलीय? कपलिंगचं (मोटार आणि पंपाचे दांडे जोडणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट पाइप जोडण्याआधी एकदा आणि जोडल्यावर पुन्हा तपासावं लागतं, कारण पाइपच्या ओढीनं ते हलतं. ही दुसरी तपासणी ‘इन्स्टॉल’मध्ये की ‘कमिशन’मध्ये? ओळीवरून सांगा.

लोहकाम
‘इन्स्टॉल’मध्ये. पाइप जोडणारा दुसरा असेल तर मात्र ते ओळीतच लिहावं लागेल.