इंग्रजी येत असूनही समोरचा माणूस कळला नाही, असं कधी झालंय? (अनुभव धागा)

तलावपाळी
परवा नौपाड्यात एका ओळखीच्या काकांच्या घरी भेटायला गेले होते. जिन्यात त्यांची नात फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो, आजोबा मंगळवारी पहाटे एक्सपायर झाले." आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, मीही म्हणते. पण त्या दिवशी तो शब्द ऐकला आणि एक जुना फोन आठवला. घरी आले, स्वयंपाक केला, झोपले, तरी तो डोक्यातून जाईना.

२००६ साली मी महापेला एका कॉल सेंटरमध्ये होते. ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकांची वीजबिलं. दुपारी दीडची शिफ्ट, कारण ते उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. सुमो घ्यायला यायची. ट्रेनिंगमध्ये 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे म्हणायला शिकवून महिनाभर उच्चार घासून घेतले होते. तिसऱ्या आठवड्यात यॉर्कशायरमधून एका वयस्कर बाईंचा फोन आला. बिलावरचं नवऱ्याचं नाव काढून स्वतःचं घालायचं होतं. कारण विचारावंच लागायचं. त्या म्हणाल्या, "ही पास्ड लास्ट वीक." पास म्हणजे मला एकच माहीत. दहावी पास, सीए पास. मी मनापासून आनंदाने म्हणाले, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स, मॅम!"

पलीकडे काही ऐकू येईना. मग अगदी हळू आवाजात, "नो, लव्ह. ही डाइड."

त्या चिडल्या नाहीत. उलट त्याच मला म्हणत राहिल्या की असू दे, तुला कसं कळणार. त्या 'लव्ह'नेही मी गोंधळले होते. टीम लीडरने नंतर सांगितलं, इंग्लंडच्या उत्तरेकडे दुकानदारसुद्धा अनोळखी माणसाला तसं म्हणतो, आपली भाजीवाली 'बाळा' म्हणते तसं. आठवडा झाला नव्हता नवरा जाऊन, आणि ती बाई मला बाळा म्हणत होती.

आपण तरी कुठे 'मेले' म्हणतो? गेले, वारले, देवाज्ञा झाली. त्याही तेच करत होत्या. कुणी मराठीत 'ते गेले' म्हणालं असतं तर मी 'कुठे गेले' विचारलं नसतं ना? कॉलची मिनिटं मोजली जायची, त्यामुळे माफीही धड मागता आली नाही. ते अजून सलतं.

तुमचे अनुभव लिहा, लहान-मोठे कसेही.

खारफुटी
आई गं. वाचून पोटात कालवलं.
आमच्या कोपरीच्या चाळीत 'ऑफ झाले' म्हणायचे. ते कुठून आलं असेल?

उरणफाटा
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.
नवरा जहाजावर सेकंड ऑफिसर. बावीस माणसं, त्यात फिलिपिनो, युक्रेनियन, आपले. प्रत्येकाची इंग्रजी निराळी आणि चुकलं तर जहाज आपटायचं. म्हणून आयएमओने, म्हणजे जहाजांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००१ मध्ये समुद्रावर बोलायची ठरावीक वाक्यंच मंजूर केली, एसएमसीपी म्हणतात त्याला. 'मे आय एंटर' असं बोलायचं नाही, कारण 'मे' म्हणजे परवानगी मागतोय की शक्यता सांगतोय? आधी 'क्वेश्चन' म्हणायचं, मग प्रश्न. तसंच 'वॉर्निंग', 'इन्स्ट्रक्शन'. दीडशे सांगायचे तर वन-फाइव्ह-झीरो, आकडे सुटे. सुट्टीवर आला की पहिले आठ दिवस घरातही तेच. "क्वेश्चन. दूध आणायचं आहे का?" मुलं खिदळतात, मला मात्र आवडतं. 'बघू', 'करू' नाही, सरळ हो किंवा नाही.
पण मागच्या खेपेला त्यांच्या फिलिपिनो कुकची आई गेली. त्यासाठी त्या पुस्तकात वाक्य नाही. हे सगळे मेसमध्ये त्याच्याजवळ नुसते बसून राहिले म्हणे, आणि त्या रात्री ह्याने सगळ्यांना मुगाची खिचडी करून घातली. घरी कधी चहा करत नाही हा माणूस.
झाल्या शिट्ट्या.

गडकरी_कट्टा
आमचं जपानी क्लायंटबरोबर झालं. अख्ख्या कॉलभर ते 'हाय, हाय' म्हणत होते. 'हाय' म्हणजे हो, एवढं मला माहीत होतं, म्हणून मी मेल टाकली, डिझाइन मंजूर. ते फक्त 'ऐकतोय' म्हणत होते, आपलं 'हं... हं' असतं ना तसं. मध्ये एकदा 'इट इज अ लिटल डिफिकल्ट' आलं होतं, ते सोडवता येण्यासारखं वाटलं. तो त्यांचा नकार होता. आठवडाभराचं काम गेलं.
त्याच कॉलवर एक डच सहकारी असायचा. तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "धिस इज नॉट गुड." माझा चेहरा उतरायचा, घरी येऊनही बोलायचो नाही. पुढे कळलं की तो कामाबद्दल बोलत होता, माझ्याबद्दल नाही. मग मीही एकदा त्याला विचारलं की माझ्या कुठल्या गोष्टीचा त्रास होतो. तो म्हणाला, तू 'वी विल ट्राय' म्हणतोस तेव्हा काम होणार की नाही हे मला कधीच कळत नाही. खरंच होतं, तोंडावर नाही म्हणणं मला जमत नव्हतं. तिघेही इंग्रजीच बोलत होतो आणि तिघांपैकी कुणाच्याच घरात ती बोलली जात नव्हती.

सागरगोटा
नातू सहा वर्षांचा, अमेरिकेत असतो. जूनमध्ये घोडबंदरला आमच्याकडे आला होता. पाणी दिलं की थँक्यू आजी, पोळी वाढली की थँक्यू आजी. मला फार लागलं हो. आपण आईला, आजीला कधी धन्यवाद म्हणतो का? ते परक्याला. लेकीला बोलले शेवटी. ती म्हणाली, आई, तिकडे मुलाने म्हटलं नाही तर त्याला उद्धट समजतात. मग मी मन समजावलं. जायच्या आदल्या दिवशी पुरणपोळी केली होती. थँक्यू वगैरे काही नाही, ताट पुढे करून म्हणाला, "अजून वाढ." मी दोन वाढल्या.

पाणकोंबडी
सागरगोटा काकू, दुधाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर?

खारफुटी
काकूंच्या 'अजून वाढ'वरून आठवलं. आमच्या शांघायच्या ऑफिसमधली एक मुलगी चॅटवर रोज विचारायची, "हॅव यू ईटन?" बाकीचे म्हणायचे हिला काय करायचंय. चिनीत भेटल्यावर 'जेवलात का' विचारायची जुनी रीत आहे, आपल्यासारखीच. मी तिला रोज डब्यात काय आहे ते सांगायचे. भेंडी समजवायला फोटो पाठवावा लागला. तिला कधी भेटले नाही, पण ती नोकरी सोडून गेली तेव्हा मला रडू आलं होतं.

वाशीवाला
मी एपीएमसीत, फळबाजारात. दुबईच्या पार्टीशी इंग्रजीत सुरुवात करतो, दोन मिनिटांत दोघेही हिंदीवर. तो कराचीचा निघाला. भाव कमी-जास्त करायची मजा इंग्रजीत येतच नाही.

पाणकोंबडी
दादा, यंदा हापूसची पेटी कितीला जाईल?

वाशीवाला
आत्ता सांगणं म्हणजे फसवणूक होईल ताई. मार्चमध्ये विचारा.

पाटी_पेन्सिल
कळव्याला मराठी माध्यमात शिकवते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती, २००० पासून पहिलीला आली. तरी माझी मुलं 'मायसेल्फ अमुक तमुक' अशीच ओळख करून देतात आणि मुलाखतीत त्यांना हसतात. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो. आपलं 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेलंच ना?
आणि तलावपाळी ताई, त्या मुलीचं 'एक्सपायर' चुकीचं नाही. इंग्रजीतही तो अर्थ आहेच, हल्ली औषधाच्या बाटलीवर जास्त दिसतो इतकंच. मूळ लॅटिन, श्वास बाहेर सोडणे. आपण म्हणतो ना, प्राण सोडला.

तलावपाळी
हे माहीत नव्हतं. उद्या परत जाणार आहे त्यांच्याकडे, त्या नातीला सांगते.

उरणफाटा
नवऱ्याला धागा पाठवला. खिचडीचं का लिहिलंस म्हणून रागावलाय.

सागरगोटा
पाणकोंबडी, दुधाबरोबर, वर तूप. कट मला सोसत नाही. वेलदोडा कमी घालते, जायफळ जास्त.